फक्त व्हिटॅमिनच तर आहे!

"सध्या कुठली औषधं चालू आहेत?" असं डॉक्टरांनी विचारलं की आपण बीपीची गोळी सांगतो, शुगरची सांगतो, थायरॉइडची सांगतो. व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र सांगत नाही. आपल्या लेखी ते औषधच नसतं. माझ्या धाकट्या बहिणीनंही त्या सांगितल्या नाहीत आणि त्यापायी गोष्ट मेंदूच्या एमआरआयपर्यंत गेली. 'अ' जीवनसत्त्व अंगात जास्त झालं की काय होतं, ते मी घरातच पाहिलं. ज्यांच्या कपाटात अशा बाटल्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बहीण सांगलीत असते. तिच्या कोपरांवर आणि मांड्यांवर बारीक, खरखरीत पुळ्या आल्या होत्या. त्वचेच्या डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल दिल्या, त्याही थोड्या दिवसांपुरत्या. औषध योग्य होतं, गुणही आला. पण चिठ्ठी पर्समध्ये राहिली. मेडिकलवाला ओळखीचा, त्यामुळे चिठ्ठी दाखवली की स्ट्रिप मिळायची. पुढं पुढं चिठ्ठीही लागेनाशी झाली. मल्टिव्हिटॅमिनची रोजची गोळी आधीपासून होतीच. त्यात दुबईहून आलेल्या दिरानं कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची बाटली आणली, हाडांना चांगलं म्हणून. सकाळी एक चमचा तेही सुरू झालं.

काही महिन्यांत तिचे ओठ फुटायला लागले. तूप लावलं तरी कोपऱ्यातल्या चिरा भरेनात. अंगाची सालपटं निघायची, कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. "ताई, कॅप्सूल कमी पडतायत बहुतेक," ती फोनवर म्हणाली, आणि तिनं एकाच्या दोन केल्या.

खरी मेख इथंच आहे, आणि हे कुणी सांगत नाही. 'अ' कमी पडलं तर त्वचा कोरडी, खडबडीत होते. आणि जास्त झालं तरी त्वचा कोरडीच पडते, ओठ फुटतात, केस गळतात. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. मग माणूस साहजिकच मात्रा वाढवतो, त्रास वाढतो, आणि पुन्हा मात्रा वाढते.

नंतर डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्याबरोबर ठणका, मळमळ, वाकलं की जास्तच. अधूनमधून नजर धूसर व्हायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून ती मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून आत पाहिलं, तर डोळ्यामागच्या नसेला सूज. डोक्यातला दाब वाढला की अशी सूज येते. मेंदूत गाठ तर नाही ना, हे पाहायला एमआरआय झाला. ते दोन-तीन दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. गाठ नव्हती. मग मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "आणखी काय काय घेता? आयुर्वेदिक, ताकदीचं, केसांचं, काहीही."

"काही नाही. फक्त व्हिटॅमिन."

"घरात जेवढ्या बाटल्या आणि स्ट्रिपा आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा."

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी सगळ्या बाटल्या मांडल्या आणि भिंगातून मागची बारीक अक्षरं वाचली. कॅप्सूलवर २५,००० आययू. मल्टिव्हिटॅमिनवर ५,००० आययू. तेलाच्या बाटलीवर आययू नव्हतंच. तिथं एका चमच्याला १,३५० एमसीजी, म्हणजे मायक्रोग्रॅम. आकडा लहान दिसतो म्हणून माणूस फसतो. रेटिनॉलच्या रूपातल्या 'अ'चा हिशेब सोपा आहे: आययूला तीननं गुणायचं आणि दहानं भागायचं, की मायक्रोग्रॅम मिळतात. तेव्हा २५,००० आययू म्हणजे ७,५०० मायक्रोग्रॅम, ५,००० म्हणजे १,५००. दोन कॅप्सूल, एक गोळी आणि एक चमचा तेल मिळून रोजचे १७,८५० मायक्रोग्रॅम झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईची रोजची गरज ८४० मायक्रोग्रॅम आहे, पुरुषाची १,०००. आणि रोज घेण्याची वरची मर्यादा आहे ३,०००. एवढा आकडा कागदावर उतरल्यावर बहीण बराच वेळ बोललीच नाही.

'ब' आणि 'क' जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, त्यामुळे जास्तीची बरीचशी लघवीवाटे निघून जातात. 'अ' स्निग्धात विरघळतं. यकृत ते कणगीत धान्य भरावं तसं साठवून ठेवतं. म्हणून एखाद्या दिवशी चुकून दोन गोळ्या गेल्या तर मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही, पण महिनोन्‌महिने रोज जास्त गेलं की कणगी ओसंडते. यकृताला सूज, हाडं दुखणं, डोक्यातला दाब वाढणं, हे सगळं तिथून सुरू होतं. उतारवयात हाडं ठिसूळ होण्याशीही जास्तीच्या रेटिनॉलचा संबंध दिसला आहे. हाडांसाठी म्हणून यकृताचं तेल पिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

उपचार म्हणजे मुख्यतः सगळं बंद. डोक्यातला दाब उतरायला गोळ्या दिल्या, यकृताच्या तपासण्या केल्या आणि काही काळ बकऱ्याची कलेजीसुद्धा खायची नाही असं बजावलं, कारण प्राणी त्यांचं 'अ' तिथंच साठवतात. डोकेदुखी काही आठवड्यांत थांबली. केस परत यायला मात्र बरेच महिने लागले.

आता बाटली हातात घेतल्यावर काय पाहायचं ते सांगते. नुसतं 'व्हिटॅमिन ए' वाचून थांबू नका. ते कुठल्या रूपात आहे ते वाचा. रेटिनॉल, रेटिनाइल पाल्मिटेट किंवा रेटिनाइल अ‍ॅसिटेट असेल, तर वर सांगितलेला धोका लागू. बीटा कॅरोटीन असेल तर गोष्ट वेगळी, कारण शरीर त्यातून लागेल तेवढंच 'अ' बनवून घेतं. म्हणून गाजर, लाल भोपळा, पपई, हापूस, शेवग्याचा पाला, माठ, अळू हे कितीही आवडीनं खाल्लं तरी 'अ'ची बाधा होत नाही. गाजरं फारच झाली तर तळहात पिवळे दिसतात, डोळ्यांचा पांढरा भाग मात्र पांढराच राहतो, आणि गाजरं कमी केली की तो रंग जातो. भाजीला फोडणी तेवढी द्या. तेलाशिवाय त्यातलं कॅरोटीन अंगी नीट लागत नाही. तेलाच्या आणि टोन्ड दुधाच्या पिशवीवर निळं '+एफ' चिन्ह दिसतं, त्यातही 'अ' घातलेलं असतं, पण थोडं. त्याला घाबरायचं कारण नाही.

बीटा कॅरोटीनची गोळीही सगळ्यांना निर्धोक आहे असं नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. तो वाढलेला दिसला. अमेरिकेत अशाच लोकांना बीटा कॅरोटीनबरोबर रोज २५,००० आययू रेटिनाइल पाल्मिटेट देत होते. तिथं कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त निघाला आणि १९९६ च्या जानेवारीत गोळ्या मुदतीआधीच थांबवाव्या लागल्या.

सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते गरोदर असलेल्या आणि मूल हवं असलेल्या बायकांना. रेटिनॉलची मोठी मात्रा पहिल्या महिन्यांत गेली तर बाळात जन्मजात व्यंग येऊ शकतं, आणि पहिले काही आठवडे तर दिवस गेल्याचं आपल्यालाच माहीत नसतं. रोज १०,००० आययूच्या वर जाऊ नये, आणि त्याच्या आतलंही डॉक्टरांना दाखवूनच घ्यावं. सरकारी दवाखान्यातल्या लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीत 'अ' नसतं. ती बंद करू नका. मुरुमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन हे 'अ'चंच भावंड. ते चालू असताना 'अ'ची गोळी वर्ज्य, आणि दिवस राहू द्यायचे नाहीत. औषध बंद केल्यावरही किमान महिनाभर. मुरुमांवरच दिलेली डॉक्सीसायक्लिन आणि 'अ' एकत्र आले तरी डोक्यातला दाब वाढू शकतो. यकृताचा किंवा किडनीचा आजार असेल, रोज दारू होत असेल, तर थोडी मात्राही जड जाते.

हे वाचून कुणी बाळाचा 'अ'चा सरकारी डोस चुकवू नये, ही मोठी काळजी मला आहे. रातांधळेपणानं आणि डोळ्यांच्या बुबुळाला जखमा होऊन आपल्याकडे मुलं आंधळी होत, म्हणून १९७० पासून मुलांना 'अ'चे डोस देण्याचा कार्यक्रम चालू आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर १ मिली म्हणजे १ लाख आययू, आणि पुढं पाच वर्षांचं होईतो दर सहा महिन्यांनी २ मिली म्हणजे २ लाख. एकूण नऊ डोस. आकडे मोठे दिसतात, पण मधलं सहा महिन्यांचं अंतर त्यासाठीच असतं. बाळ तो साठा हळूहळू वापरतं. म्हणून डोस आरोग्यसेविकेच्या हातून, बाटलीबरोबरच्या खुणेच्या चमच्यानं, आणि कार्डावर तारीख लिहून घेऊन. अंगणवाडीत एकदा आणि खासगी दवाखान्यात पुन्हा, असं होऊ देऊ नका. दोन्हीकडे तेच कार्ड न्या. गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गमी मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

गोवर झाला तर डॉक्टर 'अ'चे डोस देतात, लागोपाठ दोन दिवस, वयाप्रमाणे. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत साथ आली तेव्हाही मुलांना ते दिले गेले. ते डोस म्हणजे लस नव्हे, आणि साथीच्या भीतीनं घरीच तेल पाजायचं नसतं. २०२५ मध्ये टेक्सासच्या साथीत काही पालकांनी मुलांना घरी 'अ' दिलं, आणि गोवरासाठी दवाखान्यात आणलेल्या त्या मुलांपैकी काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या निघाल्या. मुलाला आधी कधी, कुठं, किती डोस मिळाला ते कार्ड दाखवून डॉक्टरांना सांगा, आणि ते देतील तेवढंच द्या.