मांडीवरचं सूप

कॅम्प, बेळगाव

चि. बाळीस,


परवा निपाणीला आलो तेव्हा तू कॉटवर मांडी घालून बंगळूरच्या ऑफिसचं काम करत होतीस. लॅपटॉप मांडीवर, मान खाली, पाठीची कमान. मला एकदम तुझी आजी दिसली. तीही तिथंच बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू नि कापलेली पानं. मजुरी हजारावर, म्हणून हजार विड्या होईतो मान वर नाही. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा आला, त्यात कामाचे तास आले, रजा आली. आजीच्या मांडीवरचं सूप मात्र हललं नाही. रात्री म्हणायची, "ही मान कुणीतरी काढून खुंटीला लावा रे."

रात्री बोटांना मुंग्या येऊन तू उठतेस, असं तुझी आई सांगत होती. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांत येत असतील तर मनगटातली नस दबत असेल. मलम चोळत बसू नकोस, डॉक्टरला दाखव.

मी काही डॉक्टर नव्हे, टायपिंग मास्तर. पण आमच्या क्लासातली टेबलं बुटकी का असायची, ठाऊक आहे? लिहायचं टेबल ३० इंच, तर टायपिंगचं २६-२७. हात कोपरात काटकोनात राहावा आणि मनगट वर मोडू नये, एवढ्यासाठी. मनगट टेकवलं की मी फूटपट्टी मारायचो. (आता ते बरं वाटत नाही, पण मनगटं वाचली असतील काही.)

लॅपटॉपची खोड अशी की पडदा आणि कळा एकाच बिजागरीला. हातांची सोय बघितली तर मान वाकते, मानेची बघितली तर खांदे वर चढतात. म्हणून वेगळा कीबोर्ड नि माऊस घे, फार महाग नसतात. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढव; पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, पडदा हातभर लांब. खिडकी बाजूला येऊ दे. पाय पोचत नसतील तर खाली पाट घे, जेवायचा चालतो की.

टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची, हात उचलून गाडा ढकलावा लागायचा. पान संपलं की कागद, कार्बन बदला. आम्हाला तो खोळंबा वाटायचा, पण खांदे त्यातच मोकळे व्हायचे. तुझ्या यंत्रात ओळ आपोआप खाली उतरते, मग हात उचलणार कधी? वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, २० फुटांपलीकडं, बघत जा. पडद्याकडं बघताना पापण्याही कमी मिटतात, म्हणून तुझे डोळे चुरचुरतात. तासाला एकदा ऊठ. पाण्याचा तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरात ठेव.

क्लास बंद केला तेव्हा एक टेबल मी ठेवून घेतलं होतं. रविवारी टेम्पोत घालून पाठवतो. मागचा डावा पाय डुगडुगतो, पुठ्ठ्याची घडी सरकव.

तुझा,
मामा