मागची बाजू उघडी ठेव

॥ श्री ॥

मिरज,
भाऊबीजेनंतरचा गुरुवार

चि. मनूस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला आणि त्यानंतर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. ती बिचारी कौतुकानंच सांगत होती, "ताई, मनूनं टीव्हीला खोळ शिवायला घेतलीय, आजींच्या इरकलीची." इथवर माझा ऊर भरून आला. मग म्हणाली, "चारी बाजूंनी बंद, मागं चेन. चिमण्याला टीव्ही दिसायलाच नको. तिच्या सासऱ्यांना संध्याकाळच्या बातम्या लागतात, तर ते खोळीआडून नुसता आवाज ऐकतील."

मनू, हे खरं आहे का? खरं असेल तर हे पत्र वाचून होईपर्यंत शिवण मशीनवरून खाली घे. खोळ टीव्हीवर चढवायची नाही, असा निरोप तुझ्या आईकडे दिलाच आहे. तुला फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी रागावते, तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि ठेवून देतेस. लिहिलेलं निदान दोनदा वाचशील.

चालू टीव्ही खोळीत? माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी तू. चार मे महिने मिरजेच्या माडीवर माझ्या मशीनपाशी बसलीस. पहिल्या दिवशी मी तुझ्या हाती कात्री दिली नव्हती, उशी दिली होती. ती दाबून बघ, उलटी करून बघ, ती कुठून फुगते ते बघ, मग टेप लाव, असं सांगितलं होतं. टीव्ही उलटून नाही बघता येत, पण भिंतीच्या फटीतून डोकावता तर येतं. त्याच्या पाठीवर वर आणि खाली बारीक खाचांच्या रांगा आहेत, त्या शोभेच्या नाहीत. खालून गार हवा आत जाते आणि तापलेली वरून बाहेर पडते. पडद्यामागच्या एलईडी दिव्यांची आणि पॉवर सप्लायची बरीचशी धग त्याच वाटेनं निघते. तिथं तू इरकल, त्याला अस्तर आणि वर चेन लावणार. एक दिवस काही होणार नाही, आठ दिवस होणार नाही. आतले कपॅसिटर तापून तापून हळूहळू खराब होतील आणि ते बाहेरून कुणालाच दिसणार नाही. शिवाय तुम्ही सेट टॉप बॉक्स टीव्हीच्याच मागं भिंतीला चिकटवलाय, तो मी गणपतीत पाहिला. रिमोटनं बंद केल्यावर तासाभरानं त्याला हात लाव, तेव्हाही तो कोमट लागेल. कापूस आणि रेशीम एकत्र, आत धग आणि शेजारी तीन वर्षांचंही न झालेलं पोर! म्हणून म्हणते, मागची बाजू झाकू नकोस.

मी इतकी का घाबरते, ते तुला माहीत नाही. तुझ्या आईलाही नाही. तुझ्या बाबांना तर नाहीच. ते आज लिहिते.

१९८७ सालची गोष्ट. मी वीस वर्षांची होते आणि शिवणक्लासला जात होते. अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, पतपेढीचं कर्ज काढून टीव्ही आणला होता, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीचा. जुन्या फोटोत तुझ्या आजीच्या मागं अर्धा दिसतो ना, तोच. तेव्हा घरातल्या प्रत्येक वस्तूला काहीतरी घालायची रीत होती. रेडिओवर क्रोशाचा रुमाल, मिक्सरला टोपी, फ्रिजच्या माथ्यावर खिशांचं कव्हर. टीव्हीचं कव्हर म्हणजे घरातल्या मुलीची परीक्षाच. बघायला येणारी मंडळी कांदेपोहे खाता खाता आधी कव्हराकडे बघत आणि विचारत, "मुलीनं भरलंय का?"

मी मॅटीच्या कापडावर मोर भरला होता. मान साखळी टाक्यानं, पिसारा गहू टाक्यानं आणि प्रत्येक पिसाच्या टोकाला गाठीचा टाका. तीन महिने लागले. मागं आणि दोन्ही बाजूंना कापड घट्ट बसवलं होतं आणि पुढं मोराचा पदर सोडला होता. टीव्ही लावायचा तेव्हा तो पदर काढून ठेवावा म्हणून मी हूक लावले होते. आई रोज तसा काढून ठेवायची.

रविवारी सकाळी रामायण लागायचं. अर्धा वाडा आमच्याकडे जमायचा. चपला जिन्याशी काढून लोक आत येत, टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. त्या रविवारी शेजारच्या काकूंबरोबर एक पाहुण्या बाई आल्या होत्या. त्यांच्या भाच्याचं स्थळ मला सुचवायचं चाललं होतं. पदर काढून ठेवला असता तर मोर कुणाला दिसला नसता. म्हणून मी तो हुकांवरून सोडवून सुलट्या बाजूनं वरून मागं टाकला, मोर टीव्हीच्या माथ्यावर दिसेल असा. मागं आधीच घट्ट कापड होतं, त्यावर ही दुहेरी घडी पडली. हवेची वाट होती ती माझ्या मोरानं बुजवली.

कार्यक्रम संपत आला तेव्हा आतून चटचट आवाज आला. मग जळकट वास. चित्र मिटलं आणि काचेवर नुसता काळोख राहिला. खोलीत चाळीस माणसं होती, पण कुणी बोलेना.

अण्णांनी विचारलं, "कुणी हात लावला?"

बटणांना सारखा हात लावायची सवय एकाचीच होती. बाळू, तुझे बाबा. तेरा वर्षांचा होता. तो "मी नाही, मी नाही" म्हणत राहिला आणि अण्णांनी चाळीस माणसांसमोर त्याच्या कानशिलात दिली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ते कव्हर मी लोक उठायच्या आत काढलं होतं, हातात गोळा करून धरलं होतं आणि गप्प उभी होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं पाठ उघडली, टॉर्च मारला आणि म्हणाला, "ईएचटी गेली. मागं कापड टाकत होता का? हवाच मिळाली नसणार." त्या पेटीत काचेच्या ट्यूबला पंधरा हजार व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो आणि तो ईएचटी देते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अण्णा कचेरीत गेले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही हो, कापड कधी टाकत नाही." आई काही बोलली नाही. दुरुस्तीचे पैसे अण्णांनी दोन हप्त्यांत दिले. बाळूला त्या दिवाळीत नवा शर्ट मिळाला नाही, जुन्याची कॉलर मी उलटवून दिली. शिवताना हात थरथरत होते, तरी बोलले नाही.

ते स्थळ तर जमलंच नाही, ते जाऊ दे. पण त्यानंतर बाळूनं टीव्हीला हात लावणं सोडलं. त्याला यंत्रांची किती आवड होती, तुला सांगून खरं वाटणार नाही. घड्याळ उघडून पुन्हा जोडायचा. पुढं तो बँकेत लागला, चांगलंच झालं, पण एखादा खटका बिघडला की तो आजही आधी दोन्ही हात मागं घेतो आणि म्हणतो, "मी नाही हं हात लावला." तुम्ही मुलं हसता, मी कधी हसले नाही. बघ आठवून.

परवा भाऊबीजेला तो येऊन गेला. ओवाळताना निरांजनाच्या उजेडात त्याचं कानशील दिसलं आणि ओठावर आलेलं मी पुन्हा गिळलं. इतकी वर्षं दर भाऊबीजेला हेच चाललंय.

म्हणून तुझ्यावर रागावले, बाळ. खोळ तू शिवतेस आणि भीती माझी जुनी आहे. आता जरा शांतपणे लिहिते.

तू का शिवतेस ते मला कळतं. चिमण्या टीव्ही लावल्याशिवाय घास घेत नाही, म्हणून तू रडलीस, हेही तुझ्या आईनं सांगितलं. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून जास्त पडदा नको, त्याहून कमी असेल तर बरंच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय. तू ऑफिसातून थकून येतेस, सासूबाईंचे गुडघे दुखतात, अशा घरात एक तास पाळणं किती अवघड, ते घड्याळ लावून सांगणाऱ्यांना नाही कळत. झाकून ठेवायची तुझी कल्पना मला आवडली. समोर काळा चौकोन दिसतच राहिला तर मोठ्यांचाही हात रिमोटकडे जातो. फक्त झाकायचं ते पुढून.

असं कर. टीव्हीच्या वर भिंतीत दोन ब्रॅकेट ठोकून घे आणि त्यात पितळी दांडी बसव. दांडी टीव्हीच्या पुढच्या भागापासून तीनेक इंच पुढं राहू दे. देव्हाऱ्याला असतो तसा मधोमध उघडणारा दोन पाखांचा पडदा शिव. तुमचा टीव्ही त्रेचाळीस इंची म्हणजे कर्ण ४३. रुंदी साडेसदतीस आणि उंची एकवीस, कडा धरून एकोणचाळीस नि साडेबावीस समज. खोळ म्हणून तू घट्ट माप घेतलं असशील ते विसर. दोन पाखं तीस-तीस इंचांची कर, म्हणजे चुण्या बऱ्या पडतील. उंचीला तीस इंच घे, त्यात वर दोन इंचांचा नेफा आणि खाली दोन इंचांची दुमड. टीव्ही लावायचा तर दोन्ही पाखं बाजूला सारायची. वर टाकायची नाहीत. सासरे असोत, जावईबापू असोत, पाहुणे असोत, वर टाकायची नाहीत.

आतून मलमलचं अस्तर लाव. टीव्हीचा पुढचा भाग आता काचेचा नसतो, मऊ असतो, जरीची टोकं त्यावर चरे पाडतात. आरसे आणि टिकल्या तर लावूच नकोस.

माझ्या आईचं लुगडं कापायला माझी ना नाही. तुला वाटलं असेल आत्या त्यावरून रागावेल. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्यातलं तुला दीड मीटर पुरतं. फक्त लाल रेशमी पदर जिथं अंगाला जोडलाय, त्या जोडावर कात्री नको. तिथं पदराचे धागे आणि अंगाचे धागे एकमेकांत फासे अडकवून विणलेले असतात. जुनं रेशीम घडीवर चिरतं, म्हणून घडीची रेघ सोडून काप. मशीनला ११ नंबरची सुई घाल आणि टीप मोठी ठेव. उरलेल्या कापडातून चिमण्यासाठी दुपटं निघेल. आईच्या लुगड्यात तू वाढलीस, आता तो वाढेल.

सासऱ्यांच्या बातम्यांचं काय, तर मी माझा रेडिओ त्यांना देते. संध्याकाळच्या बातम्या त्यावर लागतात, आवाज स्वच्छ आहे. त्यांना मात्र असं वाटू देऊ नकोस की नातवासाठी आपल्याला खोळीआड बसवलं. रेडिओ त्यांच्या खुर्चीशेजारी तू स्वतःच्या हातानं ठेव.

आणि चिमण्यानं पडद्याकडे बोट दाखवलं तर "टीव्ही नाही, टीव्ही गेला" असं खोटं सांगू नकोस. टीव्ही झोपलाय म्हण. तो दोन दिवस रडेल. तूही रडशील. मग फोन कर, मी रात्री अकरापर्यंत जागी असते. आता नाही रागावणार.

पुढच्या शनिवारी मी कोयना एक्स्प्रेसनं निघते, दुपारी पुण्याला पोचेन. रेडिओ, मलमल आणि तो मोर घेऊन येते. होय, मोर अजून आहे माझ्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांत. तुला पडद्यावर नको असेल तर लावू नकोस, पण एकदा बघ. स्टेशनवर बाळूला पाठव, तू येऊ नकोस. स्टेशनपासून तुझ्या घरापर्यंत रिक्षात आम्ही दोघंच असू, तेवढ्यात मी त्याला सांगेन. त्याआधी तू त्याच्याशी यातलं काही बोलू नकोस.

चिमण्याला गोड पापा. घरातील वडीलधाऱ्यांना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. चेन कापू नकोस, सावकाश उसवून ठेव. रेडिओला पिशवी शिवायची आहे, तिला होईल.