बाळाची नाजूक त्वचा

कुळगीकडच्या पावसाळ्यात लंगोट नीट वाळत नाहीत, बाळाला पुरळ उठते आणि आपण पावडर लावतो. तिची गरज नाही. तिची धूळ बाळाच्या छातीत जाते. जॉन्सन कंपनीने शंखजिऱ्याची बेबी पावडर २०२३ मध्ये जगभर बंद केली.

आपण एवढे पाळू या:

१. पहिली आंघोळ जन्मानंतर २४ तासांनी घालावी.

२. साबण सौम्य, बिनवासाचा व थोडाच वापरावा. पिठाने चोळू नये.

३. सुती लंगोट ओला होताच बदलावा. धुताना साबण पूर्ण काढावा.

४. नवे तेल आधी बाळाच्या हातावर थेंबभर लावून दिवसभर पाहावे.

५. फवारणीनंतर अंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावे.

पुरळात पू झाला, ताप आला किंवा बाळ दूध पिईना, तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.