एका पंक्तीतील पथ्य : मधुमेहचिकित्सेत घरच्या स्वयंपाकाचा विचार

प्रास्ताविक

मधुमेही रुग्णाची तपासणी पूर्ण होते, औषधे लिहून होतात आणि शेवटी रुग्ण विचारतो, "पथ्य काय?" आपण सवयीने सांगतो, "साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, कारले-मेथी खा, चाला." एवढ्यावर पुढील रुग्ण आत येतो. हे सांगणे चुकीचे नसले तरी अपुरे आहे. रुग्ण एकटा जेवत नाही. त्याच्या ताटात काय पडावे हे बहुधा दुसऱ्या कोणाच्या हाती असते, आणि त्या दुसऱ्या व्यक्तीशी आपण क्वचितच बोलतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही असून १३ कोटी ६० लक्ष व्यक्ती पूर्व-मधुमेहाच्या अवस्थेत आहेत. म्हणजे एकाच स्वयंपाकघरातून मधुमेही, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आणि निरोगी अशा तिन्ही प्रकारच्या व्यक्ती जेवतात. यास्तव पथ्य रुग्णाला न सांगता घराला सांगावे, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे. हे मत होण्यास आमचीच एक चूक कारण झाली. ती प्रथम नमूद करतो.

एक रुग्णवृत्त

२०१७ साली ५२ वर्षे वयाचे, बैठे काम करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. शरीर स्थूल, एचबीए१सी ९.२. त्यांची आधुनिक औषधे सुरूच होती. ती तशीच ठेवून आम्ही चिकित्सा योजली आणि छापील पथ्यपत्रक त्यांच्या पत्नीच्या हाती दिले. त्या बाईंनी ते स्वयंपाकघरात चिकटवले व अक्षरशः पाळले. यजमानांसाठी ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ व बिनसाखरेचा चहा निराळा होऊ लागला. सहा महिन्यांत एचबीए१सी ७.१ वर आले. रुग्ण संतुष्ट, आम्हीही संतुष्ट.

दीड वर्षानंतर त्याच बाई स्वतःसाठी आल्या. योनिकंडू, थकवा आणि रात्री दोन-तीन वेळा लघवीस उठणे ही लक्षणे होती. उपाशीपोटी रक्तशर्करा १६८, जेवणानंतर २६०. आहाराविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, यांना भाकरी गरम लागते, ती आधी करते. मग मुलांच्या पोळ्या. सगळ्यांचं आवरल्यावर मी बसते. यांनी भात सोडला तेव्हापासून भात उरतो, मुलांसाठी केलेला शिरा उरतो. अन्न टाकवत नाही, मीच संपवते." दुपारी तीनला पहिले धड जेवण, रात्री साडेदहाला दुसरे, आणि मध्ये चार वेळा साखरेचा चहा असा त्यांचा दिनक्रम होता.

केवळ या उरलेल्या अन्नामुळे त्यांना मधुमेह झाला असे आम्ही म्हणणार नाही. व्याधी पूर्वीपासून सुप्त असू शकेल. परंतु दीड वर्ष त्या यजमानांसोबत दर महिन्याला आमच्यासमोर बसत होत्या आणि "तुम्ही काय जेवता?" हा एक प्रश्न आम्ही त्यांना विचारला नाही. पथ्यपत्रकाने एकाचे ताट सुधारले आणि त्या ताटातून काढलेले दुसऱ्याच्या ताटात गेले.

संहितोक्त आधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. उपस्थात्याच्या ठिकाणी उपचारज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे गुण अपेक्षिले आहेत. मधुमेहात रुग्ण शय्येवर नसतो, म्हणून उपस्थाता नाहीच असे आपण समजतो. वस्तुतः दोन वेळचा स्वयंपाक करणारी व्यक्ती हाच या व्याधीतील उपस्थाता होय. आमच्या वरील वृत्तात दक्षता व अनुराग भरपूर होता. उपचारज्ञान देणे हे आमचे काम होते आणि तेथेच आम्ही उणे पडलो.

प्रमेहाचे निदान पाहता बसण्याचे व निद्रेचे सुख, दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही कफकर हेतूंची मालिका समोर येते. या बहुतांश घराच्या सवयी आहेत, एका व्यक्तीच्या नव्हेत. सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले आहेत. पित्याला मधुमेह व पुत्राला मधुमेह, येथे बीजदोषाचा विचार करता येतो. परंतु पती-पत्नींमध्ये रक्ताचे नाते नसताना दोघांनाही व्याधी दिसते तेव्हा दोघांच्या सामाईक अन्नाकडे व दिनक्रमाकडे पाहावेच लागते.

सुश्रुतोक्त पथ्यात जुने शालि-षष्टिक तांदूळ, यव, कोद्रव, मूग, कुळीथ, तूर, हरभरा व तिक्त-कषाय शाक यांचा समावेश आहे. यांतील एकही द्रव्य घरातील इतरांनी खाऊ नये असे नाही. पथ्याहार हा रुग्णाचा निराळा आहार आहे ही समजूत व्यवहारात आली आहे. संहितेत तिला आधार नाही.

एक स्वयंपाक, भिन्न प्रमाण

चरक विमानस्थानातील अष्ट आहारविधिविशेषायतनांपैकी राशि, काल व उपयोगसंस्था या तीन गोष्टी घरी समजावून सांगितल्यास पुष्कळ काम होते. आम्ही पुढील पद्धतीने सांगतो.

१) द्रव्य सर्वांना एकच. भाकरी, एक पालेभाजी किंवा फळभाजी, एक उसळ किंवा घट्ट वरण, कोशिंबीर व पातळ ताक हा स्वयंपाक सर्वांसाठी करावा. दुधी, दोडका, पडवळ, मेथी, शेपू, कारले यांपैकी काहीही चालेल.

२) राशि प्रत्येकाची निराळी. भाकरी म्हणजे मोकळीक, ही समजूत दूर करावी. १०० ग्रॅम ज्वारीतही सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. तीन भाकऱ्या खाणाऱ्याने भात सोडला म्हणून फारसे साधत नाही. स्थूल रुग्णास एक भाकरी, वाढत्या वयाच्या मुलास दोन, कष्टाचे काम करणाऱ्यास तीन. भात पूर्ण बंद न करता भाकरी कमी करून लहान वाटीभर दिल्यास रुग्ण पथ्य अधिक काळ पाळतो, असा आमचा अनुभव आहे.

३) क्रम. प्रथम कोशिंबीर, भाजी व उसळ. भाकरी किंवा भात त्यानंतर. या क्रमाने जेवल्यास जेवणोत्तर रक्तशर्करा कमी वाढते, हे आधुनिक अभ्यासांतही दिसून आले आहे. पंक्तीत सर्वांनीच हा क्रम ठेवला की रुग्णाला वेगळे वाटत नाही.

४) काल. रात्रीचे जेवण शक्यतो आठपर्यंत, सर्वांनी एकत्र. स्वयंपाक करणारी व्यक्ती त्याच पंक्तीत बसली पाहिजे. हे आम्ही आता औषधाइतक्याच आग्रहाने सांगतो. जेवणानंतर पती-पत्नींनी मिळून पंधरा-वीस मिनिटे चालावे.

५) गूळ. "साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो," असे अनेक रुग्ण अभिमानाने सांगतात. रक्तशर्करेच्या दृष्टीने दोहोंत फारसा भेद नाही, आणि गुळाचे पदार्थ तर प्रमेहहेतूंत स्पष्ट सांगितले आहेत. आयुर्वेदाच्या नावावर गुळाची शिफारस होऊ नये.

अपवादही ध्यानात ठेवावेत. कृश व दुर्बल प्रमेहीस अपतर्पण देऊ नये. वृक्कविकार असल्यास डाळ-उसळीचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवावे. गर्भिणीचा आहार तिच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने असावा. बालवयातील पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन कोणत्याही कारणाने बंद करू नये. अशा मुलाला घरातील सर्वांचेच अन्न द्यावे आणि इन्सुलिनची मात्रा त्या अन्नाशी जुळवून घेण्यास त्याच्या तज्ज्ञांकडून पालकांनी शिकावे.

उपवास, सण व नैवेद्य

एकत्र जेवणात एक धोकाही आहे, तो म्हणजे थांबण्याचा. गणेश चतुर्थीच्या दिवशी आमच्या परिचयातील एका घरी सत्तरीच्या आजींनी सकाळी नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. पूजा लांबली. नैवेद्य व्हायला दीड वाजला. तोवर त्या बिनसाखरेच्या चहावर होत्या. घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सूनबाईंना वाटले, गर्दीने थकल्या. सुदैवाने घरात ग्लुकोमीटर होता. रक्तशर्करा ४८ निघाली. तीन चमचे साखर पाण्यातून दिल्यावर त्या सावरल्या. पुढील वर्षापासून त्या घरी नैवेद्याचे पान आधी काढून ठेवतात व आजींना त्यांच्या वेळेवर वाढतात. देवाच्या पानात काही उणे पडले नाही.

प्रत्येक घराला पुढील गोष्टी सांगाव्यात. रक्तशर्करा ७० पेक्षा कमी असल्यास, किंवा यंत्र नसेल तर तशी लक्षणे दिसताच, १५ ग्रॅम म्हणजे सुमारे तीन सपाट चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे व सावरल्यावर जेवण द्यावे. वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे सुरू असतील तर साखरेचा गुण लवकर येत नाही. तेथे ग्लुकोजची पूडच द्यावी. ही पूड देवघराजवळच्या फडताळात ठेवा, असे आम्ही सांगतो, म्हणजे ऐनवेळी सापडते. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे.

एकादशीच्या साबुदाण्याविषयीही बोलले पाहिजे. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असून तंतू व प्रथिने नगण्य असतात. उपवास करावयाचाच असल्यास राजगिरा, मोजकी भगर, ताक, शेंगदाणे व भोपळ्याची भाजी सर्वांसाठीच करावी. सकाळच्या गोळीचे काय करावे हे ती देणाऱ्या चिकित्सकाला आदल्या दिवशी विचारण्यास सांगावे. गुडमार, कारले, विजयसार यांचे कल्प आपण अशा गोळ्यांसोबत देत असू, तर रक्तशर्करा अधिक उतरू शकते याचे उत्तरदायित्व आपलेही आहे.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी

ग्राहक पुष्कळदा घरातील सर्वांसाठी एकच बाटली नेतो. आसव-अरिष्टांत गूळ किंवा साखर असते. च्यवनप्राशादि अवलेह, पाक व सरबते यांतही शर्करेचे प्रमाण मोठे असते. "घरात कोणास मधुमेह आहे का?" हा प्रश्न विक्रीच्या वेळी विचारावा आणि असल्यास वैद्याच्या संमतीने चूर्ण, वटी किंवा क्वाथ यांचा पर्याय सुचवावा. साखरविरहित असा शिक्का असलेल्या बिस्किटातही मैदा असतोच, हेही सांगता येईल.

चिकित्सालयातील चार प्रश्न

आता प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या पत्रिकेत आम्ही चार उत्तरे लिहून घेतो. घरी स्वयंपाक कोण करते? रुग्ण कोणासोबत, किती वाजता जेवतो? घरात शेवटी कोण जेवते? उरलेले अन्न कोण संपवते? शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच व्यक्तीचे नाव असेल, तर पुढील भेटीस त्या व्यक्तीलाही रक्तशर्करा तपासून येण्यास सांगतो. राष्ट्रीय कार्यक्रमातही ३० वर्षांवरील सर्वांची चाचणी अभिप्रेत आहे. घरातील एक रुग्ण हे त्यासाठी पुरेसे निमित्त आहे.

उपसंहार

वर उल्लेखिलेले दाम्पत्य आजही आमच्याकडे येते. बाईंची चिकित्सा २०१९ पासून सुरू आहे. आधुनिक औषध घ्यावे लागतेच, परंतु एचबीए१सी ७ च्या आसपास राहते. रात्री आठला चौघे एकत्र बसतात. भात मोजून शिजतो, म्हणून उरत नाही. थोरल्या मुलाचे वजनही काही किलोंनी उतरले, जरी त्याला आम्ही कधी पथ्य सांगितले नव्हते.

आमच्या पथ्यपत्रकावर पूर्वी 'रुग्णाचे नाव' अशी ओळ होती. आता तेथे 'घरातील जेवणाऱ्या व्यक्ती' असे छापले असून, त्या सर्वांची नावे आम्ही विचारून लिहितो. त्यास दोन मिनिटे अधिक लागतात. वैद्यबंधू-भगिनींनी हा प्रयोग करून पाहावा व आपले अनुभव या नियतकालिकातून कळवावेत, ही विनंती.