दुकानाच्या नावाचं अवजार घ्यावं का? पंप, कात्री आणि पान्यांची पारख



ऑक्टोबरची फळछाटणी तोंडावर आली आहे. टोमॅटोच्या फवारण्या चालू आहेत, रांगड्या कांद्याची लागवड सुरू आहे. अशा वेळी बऱ्याच सभासदांचा एकच प्रश्न येतो: "ऑनलाइन बॅटरी पंप हजार रुपयांनी स्वस्त दिसतोय, घेऊ का?" याचं एका शब्दात उत्तर नाही. कोणतं अवजार स्वस्तातलं चालतं आणि कोणतं अंगाशी येतं, ते आज समजून घेऊ. मेसेज मोठा आहे, पण खरेदीला निघण्याआधी पूर्ण वाचा.

*१. दुकानाचा ब्रँड म्हणजे काय?*

बाजारात तीन प्रकारचा माल असतो. पहिला, स्वतः अवजारं बनवणाऱ्या कंपनीचा. आपल्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली तापडिया किंवा लुधियानाची फाल्कन ही त्यातली माहितीची नावं. दुसरा, दुकानाच्या किंवा साइटच्या स्वतःच्या नावाचा, उदाहरणार्थ ॲमेझॉन बेसिक्स. विक्रेता माल दुसऱ्याकडून बनवून घेतो आणि त्यावर आपलं नाव छापतो. तिसरा बिननावाचा किंवा कधी न ऐकलेल्या नावाचा.

दुसऱ्या प्रकारात जाहिरातीचा आणि मधल्या हातांचा खर्च वाचतो, म्हणून तो स्वस्त पडतो. स्वस्त आहे म्हणजे खराबच, असं नाही. अडचण वेगळी आहे. विक्रेता यंदा एका कारखान्याकडून माल घेईल, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून. वर नाव तेच, आत मोटर वेगळी. मग शेजाऱ्याचा पंप चांगला चालला म्हणून तुमचाही चालेल याची खात्री राहत नाही, आणि सुटा भाग शोधताना हाल होतात.

*२. घेण्याआधी तीन प्रश्न*

- हे बंद पडलं तर त्या दिवशीचं काम थांबेल का?
- याचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात का?
- वर्षातून किती दिवस वापर आहे?

काम थांबणार असेल आणि भाग मिळत नसतील, तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा. वापर चार दिवसांचा असेल आणि मोडलं तरी काही अडणार नसेल, तर दुकानाच्या नावाचं खुशाल घ्या. कांदा कापणीचे विळे, खुरपी, घमेली महाग घेण्यात अर्थ नाही. ती पातीत हरवतात, बांधावर राहतात, आणि धार लावायला गावात लोहार आहेच.

*३. बॅटरी पंप: इथे घाई नको*

- टाकीवर काय छापलंय ते बाजूला ठेवा, बॅटरीवरचं स्टिकर वाचा. "१२ x ८" म्हणजे १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास. "१२ x १२" ची बॅटरी जास्त वेळ चालते, पण पाठीवरचं वजनही वाढतं.
- लेड-ॲसिडची ८ अँपिअर-तासाची बॅटरी साधारण सव्वादोन ते अडीच किलो भरते. दीड किलोच भरली तर आत शिसं कमी आहे असं समजा. दुकानात वजनकाटा मागायला लाजू नका.
- पाणी भरून दहा मिनिटं चालवायला सांगा. ट्रिगर सोडल्यावर मोटर थांबली पाहिजे. झाकण, नळीचा जोड आणि बुड हात फिरवून पाहा, गळती तिथेच दिसते.
- मोटर, चार्जर, गन, नोझल आणि वॉशर तालुक्याच्या दुकानात बसते मिळतात का, ते आधी विचारा. "मागवून देतो" हे उत्तर हंगामात उपयोगाचं नाही.

हिशेब करून पाहू. समजा स्वस्त पंप २,२०० रुपयांना आणि भाग मिळणारा पंप ३,२०० रुपयांना आहे. स्वस्त पंपाची मोटर हंगामात गेली. परत पाठवायला ३०० रुपये, आणि तीन दिवस दुसऱ्याचा पंप १५० रुपये रोजाने घेतला तर ४५०. झाले २,९५०. हजाराची बचत अडीचशेवर आली. आणि त्या तीन दिवसांत पंप मिळालाच नाही, वर पाऊस झाला, तर द्राक्षावर डाउनी आणि टोमॅटोवर करपा तुमच्या कुरिअरची वाट बघत नाही. खरा तोटा तो आहे.

*४. छाटणी कात्री*

- मधला सांधा नट-बोल्टचा हवा. रिव्हेट ठोकलेली कात्री खोलता येत नाही, त्यामुळे नीट धारही लावता येत नाही.
- ओल्या काडीसाठी एक पातं दुसऱ्याच्या बाजूने सरकणारी कात्री घ्या. सपाट पट्टीवर दाबून कापणारी कात्री जिवंत काडी चेंगरते.
- उघडून पाती आडवी हलवून पाहा. खडखड वाजली तर ठेवून द्या. पातळ कागद टोकापर्यंत सरळ कापला गेला पाहिजे.
- स्प्रिंग आणि पातं सुटं मिळतं का विचारा. स्वित्झर्लंडच्या फेल्कोसारख्या कात्र्या महाग असतात, पण त्यांचे भाग बदलता येतात. रोज छाटणी करणाऱ्याला त्या परवडतात. घरापुरती चार झाडं छाटायची असतील तर गरज नाही.

*५. पाना-सेट*

"क्रोम व्हॅनेडियम" हे शब्द कोणीही छापू शकतो. खिशात १३ नंबरचा बोल्ट घेऊन जा आणि १३ चा पाना त्यावर बसवून पाहा. ढिला बसला तर जोर दिल्यावर बोल्टचे कोपरे जातील आणि पाच रुपयांच्या बोल्टसाठी फिटर बोलवावा लागेल. ४० नगांच्या सेटला भुलू नका. आपल्याला लागणारे सात-आठ पाने चांगले घ्या.

*६. लेबल आणि वॉरंटी*

पॅकबंद वस्तूंबाबत २०११ चे नियम आहेत. त्यानुसार पाकिटावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. आयात मालावर देशाचं नावही हवं. यातलं काही नसेल तर वॉरंटी तोंडी आहे असं धरा.

वॉरंटी विचारताना चार गोष्टी स्पष्ट करा: बॅटरी, मोटर आणि चार्जरची वेगवेगळी किती महिने? सेवा केंद्र कुठे? पाठवण्याचा खर्च कोणाचा? बदलून देणार की दुरुस्त करून? उत्तरं बिलावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पक्कं बिल घ्याच. ऑनलाइन खोकं उघडताना व्हिडिओ काढा.

ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन *१९१५* वर फोन करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही.

*७. घेतल्यावर*

रोज फवारणी झाली की पंपातून स्वच्छ पाणी चालवा, पावडरचा गाळ मोटर खातो. बॅटरी उतरलेली तशीच ठेवू नका, त्याच दिवशी चार्ज करा. हंगाम संपल्यावरही महिन्यातून एकदा चार्जिंग करा. महागातली बॅटरीसुद्धा हलगर्जीपणाने मरते.

*आता तुमचं काम*

तुमच्याकडे दुकानाच्या किंवा साइटच्या नावाचा पंप असेल तर या मेसेजला उत्तर द्या: नाव, किती महिने चालला, काय बिघडलं, भाग मिळाला का. चांगला चालला असेल तर तेही कळवा. बंद पडलेला पंप सेवा केंद्रावर आणा, त्याला कोणती मोटर बसते हे पाहून नोंद ठेवू. या नोंदींवरूनच कंपनीने एकत्र खरेदी कोणत्या पंपाची करायची ते संचालक मंडळाच्या बैठकीत ठरेल. एकट्याने भाव मागण्यापेक्षा पन्नास जणांनी मिळून मागितला, तर भावाबरोबर सुटे भाग ठेवायची अटही घालता येते.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी