१:५० म्हणजे नेमकं किती?

इन्स्ट्रुमेंटेशनला असल्यामुळे 'कॅलिब्रेशन' हा शब्द मी चार सेमिस्टर व्हायवात पोपटासारखा म्हणून दाखवला. तो खरा कळला धुळ्याच्या एका दवाखान्यात, सुजलेला दंड धरून बसलो होतो तेव्हा.

मला गाजर गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी आहे. धुळे-जळगाव एस.टी.त खिडकी मिळाली की पारोळ्याच्या आत शिंका सुरू. (१९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंद झालेलं हे गवत आज आपल्या होस्टेलमागे कमरेएवढं वाढलंय.) डॉक्टरांनी त्याच परागांच्या अर्काची इंजेक्शनं सुरू केली. आधी अगदी विरळ, मग हळूहळू वाढवत, शरीराला सवय होईपर्यंत. वर्षभर छान चाललं. मग बाटली संपली, नवी आली. लेबल तेच १:५०, डोसही तोच. दहा मिनिटांत दंड सुजला, घशात खाज, छाती भरून आली. लगेच अ‍ॅड्रेनॅलिन दिलं म्हणून निभावलं. इंजेक्शननंतर अर्धा तास का बसवून ठेवतात, हे त्या दिवशी कळलं.

१:५० म्हणजे एक ग्रॅम पराग ५० मिली द्रावणात भिजवले. यातून टाकलं किती ते कळतं, उतरलं किती ते नाही. भरीत पार्टीत आपण हेच अनुभवतो. तेवढीच वांगी, तेवढीच मिरची, पण एकदा गोडसर आणि एकदा डोळ्यांतून पाणी! परागांचंही तसंच. कुठल्या साली गोळा केले, किती स्वच्छ होते, अर्क किती दिवस पडून होता, यावर जोर ठरतो. माझी जुनी बाटली बहुधा मरगळलेली होती आणि नवी ताजी.

हा प्रश्न जुनाच. १९११ मध्ये लंडनच्या लिओनार्ड नून यांनी टिमोथी गवताच्या एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागातून निघणारा अर्क म्हणजे एक युनिट धरलं. म्हणजे पुन्हा वजनच. पण रुग्णाची सहनशक्ती मात्र ते डोळ्यात विरळ थेंब टाकून, डोळा लाल होतो का ते पाहून मोजत. पुढे पीएनयू आलं. त्यात प्रथिनांतला नायट्रोजन मोजतात. पण त्रास देणारं प्रथिन आणि निरुपद्रवी प्रथिन यांत ते फरकच करत नाही. हजेरीवरून हुशारी ठरवल्यासारखं!

अमेरिकेच्या एफडीएची पद्धत मला खरी इंजिनिअरिंगची वाटते. अर्क तीन-तीन पटीने विरळ करत जायचा आणि अतिसंवेदनशील माणसांच्या कातडीत टोचायचा. लालीच्या दोन व्यासांची बेरीज ५० मिलिमीटर कुठल्या पायरीला येते ते पाहायचं. सरासरी चौदाव्या पायरीला, म्हणजे सुमारे ४८ लाख पट विरळ असताना आली, तर त्या अर्काला मिलीमागे १,००,००० युनिट. हा झाला संदर्भ नमुना. पुढच्या प्रत्येक बॅचसाठी माणसं टोचायची गरज नाही, एलायझा चाचणीत ती या नमुन्याशी ताडून पाहायची. आपण लॅबमध्ये स्टँडर्ड गेजशी गेज जुळवतो, तेच हे.

एफडीएच्या यादीत आठ गवतं आहेत. त्यात गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजे आपली हरळी आहे. गाजर गवत नाही. त्याचं पार एच १ हे मुख्य प्रथिन १९९६ मध्ये ओळखलं गेलं, म्हणजे मोजायला धरावं असं काहीतरी हाताशी आहे. तरी आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर अजून वजनाचं गुणोत्तर नाहीतर पीएनयूच दिसतं.

म्हणून आता नवी बाटली आली की डॉक्टर डोस निम्म्याहून खाली आणतात आणि पुन्हा चढवतात. वेळ जातो, पैसेही. बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ कडे! धुळ्याहून थर्मासमध्ये आणतो, बर्फ थेट लागू देत नाही, कारण गोठली तरी बिघडते. मेसच्या काकूंनी फ्रीजचा मधला कप्पा दिलाय, कोथिंबिरीशेजारी. बॅच नंबर, उघडल्याची तारीख आणि डोस मी जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. दवाखान्यात गेलो की इंजेक्शनआधी ते पान पुढे करतो.