धानाच्या तुसापासून बॅटरीचा अ‍ॅनोड : वरोऱ्यात प्रकल्प करणाऱ्यांसाठी

वरोऱ्याच्या काळ्या रानात कापूस आणि सोयाबीन. धान पिकते पूर्वेला, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे. तिथल्या राईस मिलमागे साचणाऱ्या तुसात १५ ते २० टक्के सिलिका असते, आणि रोपाने ती नॅनो आकारातच रचलेली असते. स्टॅनफर्डच्या यी चुई यांच्या गटाने २०१३ मध्ये तुसातून काढलेल्या सिलिकॉनची ८६ टक्के क्षमता ३०० चक्रांनंतरही टिकवून दाखवली. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला याहून जवळचा कच्चा माल मला दिसत नाही. रोपाने केलेली ही रचना शेवटपर्यंत मोडू न देणे, हेच खरे काम.

काय करावे

• गोणीवर वाण, गाव, मिल आणि महिना लिहा. दादाजी खोब्रागडे यांचे एचएमटी असो वा दुसरे वाण, वाण आणि मातीप्रमाणे सिलिका कमी-जास्त होते.

• तूस आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून धुवा. पोटॅशियम राहिले तर भट्टीत सिलिकाचे कण एकमेकांना चिकटतात, कार्बन आत अडकतो, राख काळी निघते.

• तूस जाळताना भट्टी ७०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवा.

• सिलिकाचे सिलिकॉन करायला एक ग्रॅम सिलिकाला सुमारे ०.८ ग्रॅम मॅग्नेशियम लागते, तोलूनच घ्या. सोबत भरपूर मीठ मिसळा. ही अभिक्रिया स्वतःच प्रचंड उष्णता सोडते. मीठ ८०१ अंशांना वितळताना ती शोषते आणि सिलिकॉनची जाळी वाचते.

• कण १५० नॅनोमीटरच्या आत हवेत. लिथियम शिरले की ग्रॅफाइट जेमतेम १० टक्के फुगते, सिलिकॉन मात्र जवळजवळ चौपट. मोठा कण तडकतो.

• बाइंडर म्हणून सीएमसी वापरा. तो पाण्यात विरघळतो आणि सिलिकॉनच्या पृष्ठभागाला घट्ट धरतो. पीव्हीडीएफची पकड या फुगण्यापुढे टिकत नाही.

काय टाळावे

• लहान म्हणजे चांगले, असे धरून कण बारीक करत जाऊ नका. पृष्ठभाग वाढला की इलेक्ट्रोलाइटचा थरही जास्त बसतो, आणि पहिल्याच चार्जिंगमध्ये लिथियम त्यात कायमचे अडकते.

• हाफ सेलच्या आकड्यावर समाधान मानू नका. तिथे समोर लिथियम धातूचा पत्रा असतो, हवे तितके लिथियम पुरवणारा. त्यामुळे गळती झाकली जाते. पूर्ण सेलमध्ये लिथियम मोजकेच. दर चक्राला ९९ टक्के परत आले, तर १०० चक्रांनंतर सुमारे ३७ टक्केच उरते. ९९.९ टक्के परत आले तर ९० टक्के उरते. प्रबंधात ग्रॅममागे ३,५७९ मिलिअँपिअर-तास या सैद्धांतिक क्षमतेपेक्षा (ग्रॅफाइटची ३७२) या दशांशाला मोठी जागा द्या.

• तांब्याच्या पत्र्यावर अगदी पातळ लेप देऊन विक्रमी क्षमता सांगू नका. चौरस सेंटिमीटरमागे किती मिलिग्रॅम लावले, ते लिहा.

• वाळलेली राख उघड्यावर चाळू नका. भट्टी जास्त तापली असेल तर त्यात स्फटिकी सिलिका असते, आणि ती फुफ्फुसात कायमची बसते.

• भट्टीतून निघालेल्या भुकटीवर आम्ल एकदम ओतू नका. मॅग्नेशियम जास्त पडले असेल तर मॅग्नेशियम सिलिसाइड बनते. आम्लाशी त्याचा सिलेन वायू होतो आणि तो हवेत आपोआप पेटतो. फ्यूम हूडमध्ये, थेंब थेंब. उरलेली सिलिका काढायला लागणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसताना बाटलीबाहेरही काढू नका.